अर्खम सिटी जमली, मग स्पायडर-मॅनमध्ये मार का खातोय?

प्रश्न थोडक्यात असा आहे: बॅटमॅनची अर्खम सिटी पूर्ण खेळून झाली आहे, आता 2018 चा मार्व्हल्स स्पायडर-मॅन घेतला. शहरात जाळ्यावर झुलत फिरायला मजा येते, पण मारामारी सुरू झाली की पात्र लगेच मरतं, विशेषतः किंगपिन या खलनायकाच्या टोळीच्या अड्ड्यांवर. मग कोणता सूट आधी घ्यावा, मॅपवरच्या सगळ्या खुणा आधी संपवून ताकद वाढवावी का, की हा गेम सोडून थेट दुसऱ्या भागाकडे जावं?

सूटचं उत्तर पुढे देतो, पण तुमची खरी अडचण सूटची नाही. तुम्ही शहरात स्पायडर-मॅनसारखे फिरता आणि मारामारी सुरू झाली की बॅटमॅनसारखे उभे राहता. प्रश्नात तुम्ही स्वतःच लिहिलंय की ‘घोळक्याच्या मध्ये उभा राहून वार अडवायचा प्रयत्न करतो, पण अडवता येत नाही’. या एका वाक्यात सगळं निदान आहे. हा प्रकार मी अनेक नव्या खेळाडूंमध्ये पाहिलाय आणि गंमत म्हणजे ज्यांनी आधी अर्खमचे गेम मन लावून खेळलेत त्यांनाच तो जास्त होतो. ज्याने आधी काहीच खेळलेलं नाही, तो इथे लवकर शिकतो.

त्याआधी दोन-तीन गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या सांगतो. तुम्ही कशावर खेळता ते लिहिलेलं नाही. या गेममध्ये वार चुकवण्याची वेळ फार महत्त्वाची आहे, आणि टीव्ही जर चित्रावर जास्त प्रक्रिया करत असेल तर बटण दाबल्यापासून पडद्यावर दिसेपर्यंत उशीर होतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ असतो, तो चालू आहे ना ते आधी बघा. पीसीवर खेळत असाल तर ग्राफिक्स थोडे खाली आणा, पण फ्रेम रेट स्थिर ठेवा. सुंदर पण अडखळणाऱ्या चित्रापेक्षा साधं पण सलग चित्र इथे कामाचं. पीसीवर कीबोर्डने खेळता येतं, तरी शक्य असेल तर कंट्रोलर घ्या, मी पुढे सगळी बटणं प्लेस्टेशनच्या कंट्रोलरची सांगतोय. आणि तिसरं म्हणजे डिफिकल्टी. फ्रेंडली, अमेझिंग, स्पेक्टॅक्युलर अशा पायऱ्या आहेत आणि गोष्ट चालू असतानाही सेटिंगमधून त्या बदलता येतात. तुम्ही अमेझिंगवर आहात असं धरून लिहितोय. स्पेक्टॅक्युलरवर असाल तर हे वाचून सराव होईपर्यंत एक पायरी खाली या, त्यात काहीही कमीपणा नाही.

आता मूळ मुद्दा. अर्खममध्ये तुमच्या अंगठ्याला एक सवय लागलेली असते. शत्रूच्या डोक्यावर खूण चमकली की ट्रायँगल दाबायचा, बॅटमॅन तो वार अडवून उलटवतो आणि तुम्ही जागच्या जागी पुढच्या माणसाकडे वळता. म्हणजे घोळक्याच्या मध्ये उभं राहणं हीच तिथली सर्वांत ताकदीची जागा. अर्खम बनवणाऱ्या रॉकस्टेडी स्टुडिओने ती लढाई तशीच घडवली आहे. बॅटमॅन जड आहे, चिलखतात आहे, तो हलत नाही, समोरचे येऊन त्याच्यावर आपटतात.

इन्सोम्नियाक या स्टुडिओच्या स्पायडर-मॅनमध्ये ट्रायँगलचं काम एकदम वेगळं आहे. ते दाबलं की स्पायडर-मॅन जाळं टाकून समोरच्या माणसाकडे झेपावतो. म्हणजे धोक्याची खूण दिसल्यावर जुन्या सवयीने तुम्ही ट्रायँगल दाबता आणि पात्र वार चुकवण्याऐवजी भलत्याच कुणाच्या तरी अंगावर, बहुतेक वेळा अजून तीन जणांच्या मध्ये जाऊन पडतं. तुम्हाला वाटतं गेम ऐकत नाहीये. तो अगदी बरोबर ऐकतोय, फक्त तुम्ही त्याला दुसऱ्या गेमच्या सवयीने हुकूम देताय. या पहिल्या भागात वार अडवून उलटवण्याचं बटण नाहीच. वाचायचं असेल तर सर्कल, म्हणजे अंग काढून घ्यायचं.

सर्कल नीट वापरायला शिकणं हा पहिला टप्पा. वार येण्याआधी डोक्याभोवती स्पायडर-सेन्सच्या रेषा चमकतात. नवखे खेळाडू रेषा दिसल्या दिसल्या घाबरून सर्कल दोन-तीनदा दाबतात. त्याने वार चुकतो खरा, पण शेवटच्या क्षणी दाबलं तर परफेक्ट डॉज होतो. वेळ किंचित मंदावतो आणि स्पायडर-मॅन वार करणाऱ्याच्या तोंडावर जाळं मारतो. म्हणजे बचाव आणि हल्ला एकाच बटणात. शिवाय त्याने फोकसचा पट्टाही भरतो, त्याबद्दल पुढे येतो. दिशाही लक्षात ठेवा. नेहमी मागे सरकू नका. मागे सरकलं की बंदूकवाल्यांना तुम्ही सरळ रेषेत मिळता. वार करणाऱ्याच्या बाजूने किंवा त्याच्या अंगावरून पलीकडे जा.

यासाठी मी एक सराव सांगतो, तो लोकांना कंटाळवाणा वाटतो पण उपयोग होतो. रस्त्यावरचा एखादा छोटा गुन्हा निवडा, ज्यात चार-पाचच गुंड असतील. सुरुवातीला स्क्वेअरला, म्हणजे ठोशाच्या बटणाला, हातच लावायचा नाही. फक्त सर्कल. कुणालाही मारायचं नाही, फक्त चुकवत राहायचं. थोड्या वेळाने तुम्हाला रेषा आणि वार यांमधलं अंतर हाताला कळायला लागेल. चाकूवाला, काठीवाला, बंदूकवाला, प्रत्येकाची लय वेगळी आहे. ती डोळ्यांनी पाठ होत नाही, बोटांनीच होते.

दुसरा टप्पा जास्त महत्त्वाचा आहे, आणि यावर मी सगळ्यात जास्त भर देतो: जमिनीवर राहू नका. स्क्वेअर एकदा दाबला तर ठोसा बसतो, पण दाबून धरला तर शत्रू वर उडतो आणि त्याच्यासोबत तुम्हीही वर जाता. मग वरच स्क्वेअर दाबत राहिलात की दोघं हवेत तरंगत राहता आणि खालचे हातघाईवाले नुसते बघत राहतात. त्यांचा हात तिथे पोचत नाही. घोळक्यात दहा जण असले आणि त्यांतले सात हातघाईवाले असले, तर हवेत गेल्या क्षणी तुमच्यासाठी ती तीनच जणांशी लढाई उरते. ते तीन बंदूकवाले. त्यांच्या गोळ्या वरही येतात, पण सर्कल हवेतही चालतो. एकाला हवेत संपवलं की खाली पडायची वाट न बघता ट्रायँगल दाबून थेट बंदूकवाल्याकडे झेपावा, त्यालाही वर उचला. अशी साखळी जमली की अड्ड्यावरची अख्खी तुकडी संपेपर्यंत पाय फार थोडा वेळ जमिनीला लागतात.

इथे तुम्हाला आधीच जमणारी गोष्ट कामाला येते. शहरात झुलताना तुम्ही नकळत एक हिशेब शिकलाय. झोपाळ्यावरून उडी मारताना आपण कुठल्या क्षणी हात सोडतो त्यावर कुठे जाऊन पडणार ते ठरतं, तसंच इथे आहे. आर-टू, म्हणजे झुलण्याचं बटण, झोक्याच्या तळाशी सोडला तर पुढे सपाट आणि वेगात जाता, वर चढत असताना सोडला तर उंची मिळते. आणि जाळं खरोखर कुठल्या तरी इमारतीला, झाडाला लागावं लागतं, म्हणूनच सेंट्रल पार्कमध्ये झुलणं गगनचुंबी इमारतींच्या मिडटाउनपेक्षा वेगळं आणि थोडं अवघड वाटतं. हे सगळं तुम्हाला कळतंय, तुम्ही ते एन्जॉय करताय. फक्त लढाई सुरू झाली की हे कौशल्य तुम्ही खिशात ठेवून देता. ते बाहेर काढा. अड्ड्याच्या आवारात क्रेन, खांब, भिंती, छतं असतात. रक्त कमी झालं, चारही बाजूंनी रेषा चमकायला लागल्या, की एल-टू आणि आर-टू एकत्र दाबून कुठल्या तरी उंच कडेवर निघून जा. हा पळपुटेपणा नाही. हा गेम घडवणाऱ्यांनी तुम्हाला दिलेला बचाव आहे. वरून एक नजर टाका, बंदूकवाले कुठे उभे आहेत ते बघा, आणि तुम्हाला हव्या त्या बाजूने पुन्हा उतरा.

तिसरी गोष्ट भिंती. आर-वन दाबून मारलेल्या जाळ्याने माणूस गुंडाळला जातो, पण मोकळ्या जागेत तो काही वेळाने सुटतो. तोच जर भिंतीवर किंवा जमिनीवर आपटला तर चिकटतो आणि कायमचा बाद होतो, मग त्याची ताकद कितीही शिल्लक असो. म्हणून लढाई भिंतीजवळ ओढून न्या. इम्पॅक्ट वेब नावाचं गॅजेट, म्हणजे लढाईतलं खास उपकरण, याचसाठी सोनं आहे, भिंतीपाशी उभ्या असलेल्या माणसावर ते मारलं की तो एका झटक्यात चिकटतो. माझ्या मते गॅजेटमध्ये सगळ्यात आधी टोकन, म्हणजे मॅपवरची कामं केल्यावर मिळणारी बक्षिसं, यावर खर्च करावीत, त्यानंतर घोळक्यासाठी वेब बॉम्ब. छतावरून कुणाला खाली ढकललं तर तो मरेल अशी भीती बाळगू नका, खाली जाता जाता तो इमारतीला जाळ्यात चिकटलेला दिसेल. स्पायडर-मॅन कुणाचा जीव घेत नाही हे गेम कसोशीने पाळतो, आणि मला ती गोष्ट फार आवडते.

गॅजेट बदलताना एल-वन दाबून धरला की चक्र उघडतं आणि वेळ जवळजवळ थांबतो. खूप जण हे फक्त गॅजेट बदलण्यापुरतं वापरतात. तुम्ही ते श्वास घेण्यासाठीही वापरा. चक्र उघडा, आजूबाजूला कोण आहे ते बघा, पुढच्या दोन हालचाली ठरवा, मग सोडा.

काही शत्रू मात्र या साखळीत बसत नाहीत. ढालवाल्याला समोरून कितीही ठोसे मारले तरी उपयोग नाही, त्याच्या दिशेनेच सर्कल मारा, स्पायडर-मॅन त्याच्या पायांखालून घसरून मागे जातो आणि पाठ मोकळी मिळते. धिप्पाड माणूस स्क्वेअर दाबून धरला तरी उचलला जात नाही. त्याच्यावर आधी भरपूर जाळं मारून गुंडाळा आणि मग मारा, आणि बाकीचे संपेपर्यंत त्याला शेवटासाठी ठेवा. रॉकेटवाला मात्र सगळ्यात आधी. रॉकेट किंवा ग्रेनेड तुमच्याकडे येताना एल-वन आणि आर-वन एकत्र दाबलं तर ते जाळ्यात पकडून परत फेकता येतं. त्याच दोन बटणांनी आसपास पडलेल्या जड वस्तूही गरगर फिरवून भिरकावता येतात, धिप्पाड माणसांवर हा उपाय फार चांगला चालतो.

आता अड्डे. इथे लोक सरळ दारातून घुसतात. तसं करू नका. आधी उंचावर जाऊन बसा, आर-थ्री, म्हणजे उजवी स्टिक, दाबून आवार तपासा. एखाद्या माणसावर नेम धरला की गेम सांगतो की त्याला उचलणं सुरक्षित आहे की बाकीच्यांना दिसेल. सुरक्षित असेल त्यालाच घ्या. जे दोघं एकमेकांकडे बघत उभे असतात, त्यांच्यातल्या एकाला हलवायचं असेल तर जवळच्या कुठल्या तरी वस्तूवर नेम धरून जाळं मारा, आवाज ऐकून तो बघायला जातो. पहिली तुकडी जितकी शांतपणे संपेल तितकं चांगलं, कारण पुढच्या तुकड्या सावध होऊनच येतात आणि तिथे लपाछपीचा फारसा उपयोग होत नाही. म्हणजे पहिल्या तुकडीत तुम्ही रक्त आणि गॅजेट दोन्ही वाचवायचं, आणि नंतरच्या तुकड्यांवर ते उधळायचं. तुम्ही बहुतेक उलटं करत असणार.

फोकसचा पट्टा हा या सगळ्याचा हिशेब ठेवणारा. मारल्याने आणि नेमक्या वेळी चुकवल्याने तो भरतो. पूर्ण भरला की ट्रायँगल आणि सर्कल एकत्र दाबून एका माणसाला एका फटक्यात संपवता येतं, किंवा खालचा बाण दाबून रक्त भरून घेता येतं. अर्धवट भरलेला असला तरी बाण चालतो, तेवढं रक्त मिळतं. नवखे लोक तो साठवून ठेवतात आणि साठवलेला घेऊनच मरतात. मी सांगेन की अड्ड्यावर फोकस रक्तासाठीच वापरा. एका फटक्याचा मोह मोठ्या माणसासाठी राखून ठेवा.

सूटचं म्हणाल तर एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. सूट आणि सूटची शक्ती वेगळ्या आहेत. एकदा सूट मिळवला की त्याची शक्ती तुम्ही कुठल्याही दुसऱ्या सूटवर लावू शकता. म्हणून दिसायला जो आवडतो तो घाला. शक्तीबद्दल माझं मत असं की सुरुवातीला वेब ब्लॉसम, म्हणजे चहूबाजूंना जाळी उडवणारी, घोळक्यात फार कामाची आहे, आणि त्यासाठी वेगळा शोध घ्यावा लागत नाही. हवेत राहायची सवय लागली की बॅटल फोकस घ्या. ती काही क्षण फोकस वेगाने भरत राहते, आणि जो खेळाडू सतत हलत मारत राहतो त्याला तिचा फायदा सगळ्यात जास्त होतो. जो उभा राहतो त्याला जवळजवळ काहीच नाही. शक्ती खेळण्याच्या पद्धतीप्रमाणे निवडायची असते, कुणी सांगितली म्हणून नाही.

मॅपवरच्या खुणा आधी सगळ्या संपवाव्यात का? नाही. थोड्या कराव्यात, आणि त्याही कारण बघून. लेव्हल वाढली की आरोग्य आणि माराची ताकद वाढते हे खरं आहे, त्यामुळे खुणांचा काहीच उपयोग नाही असं म्हणणार नाही. पण एकाच दिवशी एका भागातल्या सगळ्या खुणा साफ करायला बसलात तर ज्या झुलण्यावर तुमचं मन बसलंय तेच कामासारखं वाटायला लागेल. मी नव्या भागात गेलो की तिथला टॉवर आधी सुरू करतो, त्याने मॅप उघडतो. मग मिशनकडे जाताना वाटेत जी बॅकपॅक दिसेल ती उचलायची, जो गुन्हा दिसेल तो थांबवायचा. एकूण 55 बॅकपॅक आहेत आणि त्यांच्यात पीटरच्या, म्हणजे स्पायडर-मॅनच्या, आयुष्यातल्या जुन्या वस्तू सापडतात, त्यामुळे त्या सावकाश मिळालेल्याच बऱ्या. रिसर्च स्टेशन मात्र आवर्जून करा, तिथली कामं एकमेकांसारखी नाहीत आणि गॅजेट सुधारायला लागणारी टोकन तिथे मिळतात. अड्ड्यांची टोकन फक्त अड्ड्यांवरच मिळतात, म्हणून ते कायमचे टाळता येणार नाहीत. पण आत्ता, या आठवड्यात, ते बाजूला ठेवा. गोष्ट थोडी पुढे न्या, रस्त्यावरच्या गुन्ह्यांवर हात बसवा, मग परत जा. ते अड्डे कुठेही पळून जाणार नाहीत.

टॉवरच्या लहरी जुळवण्याच्या किंवा प्रयोगशाळेतल्या कोड्यांचा वैताग येत असेल, तर सेटिंगमध्ये कोडी ओलांडून जाण्याची सोय आहे. एकच बटण भराभर दाबायला लावणारे प्रसंगही तिथूनच सोपे करता येतात. ज्याला बोटांचा त्रास आहे त्याने हे आधी बघावं.

शेवटचा प्रश्न, दुसऱ्या भागाकडे थेट जायचं का. 2023 मध्ये आलेल्या दुसऱ्या भागात एल-वनवर वार अडवायची सोय आली आहे, त्यामुळे अर्खमची सवय असलेल्याला ती लढाई ओळखीची वाटते. एवढ्यासाठी कुणी तुम्हाला तिकडे जा म्हणेल. मी म्हणणार नाही. तिथे वार अडवण्यासोबत चुकवणंही तितकंच लागतं, कुठला वार अडवायचा आणि कुठला चुकवायचा हे क्षणात ठरवावं लागतं, आणि हवेतली लढाई जमत नसेल तर तिथेही हेच होईल. शिवाय पीटर, त्याची मे आंटी, शास्त्रज्ञ ऑटो ऑक्टेव्हियस यांची पहिल्या भागातली गोष्ट आधी अनुभवलेली असेल तर पुढच्या भागातला पीटर जास्त कळतो. मधला 2020 चा माइल्स मोरालेस हा गेम लहान आहे आणि त्यात माइल्सचे विजेचे फटके घोळक्याशी लढणं बरंच सोपं करतात. हा पहिला भाग संपवून, मग माइल्स, मग दुसरा, असा क्रम मी सुचवेन.

कुठल्या कन्सोलवर किंवा कुठल्या डिफिकल्टीवर खेळताय ते लिहा, आणि शक्य झालं तर अड्ड्यावरच्या एका लढाईची क्लिप टाका. पात्र नेमकं कुठल्या क्षणी जमिनीवर अडकतं ते पाहिलं की त्याहून नेमकं काही सांगता येईल.